शांतीबाई हायेत का?

"तुम्ही नेमकं काय काम करता हो?" असं कुणी लग्नाच्या पंगतीत किंवा बसमध्ये विचारलं की माझी पंचाईत होते. खरं उत्तर असं आहे: जगातल्या देशांनी मिळून एक ठराव केलाय, नंबर तेराशे पंचवीस. युद्ध होवो की दंगल, बायांना सगळ्यात जास्त भोगावं लागतं. आणि मिटवायला बसतात तेव्हा खुर्चीवर एक बाई दिसत नाही. हे बदला, बायांना बसवा, असा तो ठराव. तो आम्ही बुलडाणा जिल्ह्यात, गावागावांत, राबवायचा प्रयत्न करतो.

एवढं सांगेपर्यंत समोरचा माणूस जिलेबीकडे बघायला लागलेला असतो! म्हणून मी आता सरळ किस्साच सांगते. पण एक सांगून भागत नाही. खामगावच्या आमच्या ऑफिसात दारामागे एक खुंटी आहे. तिच्यावर छत्र्या, पिशव्या, कुणाचा तरी स्कार्फ, सगळं एकावर एक. एक ओढलं की चार वस्तू अंगावर पडतात. आमच्या किस्स्यांचं तसंच झालंय.

ऑफिस म्हणजे चार माणसं. वानखडे सर, निवृत्त हेडमास्तर, ज्यांना हे सगळं सुचलं. कावेराबाई, वरवट बकालची, जिच्या आवाजामुळे आमचा माइकचा खर्च वाचतो. नसीम आपा, पिंपळगाव राजाच्या अलीकडच्या एका गावची, कमी बोलणारी. पण ती बोलली की बाकीचे थांबतात. आणि मी ज्योती, बुलडाण्याची. कॉम्प्युटर मला येतो, म्हणून मी 'मॅडम'!

*

सुरुवात बोर्डापासूनच झाली. सरांनी पेंटरला मजकूर दिला: 'महिला, शांती व सुरक्षा केंद्र'. पेंटरनं 'महिला शांती' एवढं मोठं काढलं की पुढची जागाच संपली. उरलेलं त्यानं खाली, बारीक अक्षरात, कोपऱ्यात कोंबलं.

दुसऱ्याच दिवशी एक म्हातारे बाबाजी दारात.

"शांतीबाई हायेत का?"

मी म्हटलं, "इथं शांतीबाई कुणी नाही, बाबाजी."

"बोर्डावर तं लिवलं हाये!"

वानखडे सर चष्मा सारखा करून उठले. आता सर त्यांना ठराव सांगणार, त्याच्याआधी दुसरं महायुद्ध सांगणार, हे मला कळलं. तेवढ्यात आतून कावेराबाई आली. "मीच शांती. बसा बाबाजी. काय झालं?"

सरांचं तोंड उघडंच!

बाबाजींची दोन पोरं एकाच अंगणात राहायची आणि बोलत नव्हती. थोरल्यानं अंगणात मधोमध भिंत घातली होती. बाबाजींचं जेवण एकीकडे, खाट दुसरीकडे. जेवून झोपायला जायचं तर रस्त्यावरून वळसा घालून जावं लागायचं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला. "नातू भिंतीवर चढून मले हाका मारते. पडन एखांद्या दिवशी."

कावेराबाई आणि नसीम आपा त्यांच्या घरी जाऊन आल्या. परत गेल्या. पुन्हा गेल्या. दोन्ही सुनांना एका खाटेवर बसवलं. भिंत काही पडली नाही, पण तिला दार पडलं. बाबाजी आता अंगणातूनच झोपायला जातात.

बाजाराच्या दिवशी ते शांतीबाईसाठी वांगी घेऊन आले. आणि नेमकं तेव्हाच मी आतून ओरडले, "कावेराबाई, फोन!"

बाबाजी चपापले. "म्हंजे? शांती इथं नाईच?"

कावेराबाईनं शांतपणे वांग्यांची पिशवी घेतली. म्हणाली, "इथं रेडीमेड नाई भेटत बाबाजी. घरीच करा लागते!"

*

ठरावाचा नंबर कावेराबाईच्या डोक्यात पक्का बसला होता. आत काय लिहिलंय ते ती विसरायची, पण नंबर? कधीच नाही.

तिच्या शेजारच्या गल्लीत सुरेश म्हणून एक माणूस होता. दारू प्यायला की काठी घेऊन बायकोच्या नावानं दारात धिंगाणा. बायको, लता, पोरांना घेऊन आत कडी लावून बसायची. गल्लीतले लोक आपापली दारं लावून घ्यायचे. त्या दिवशी संध्याकाळी कावेराबाई तिथून चालली होती. ती थांबली.

"सुरेश, काठी खाली टाक. नाई तं तेराशे पंचवीस लागन तुले!"

सुरेश झुलत होता, तो थांबला. तीनशे दोन त्यानं ऐकलं होतं. चारशे वीस ऐकलं होतं. तेराशे म्हणजे केवढं मोठं असेल!

"हे कायचं कलम हाये?"

"दुनियेतल्या समद्या देशाइनं एकत्र बसून केलं हाये. बाईच्या अंगावर काठी उगारनाऱ्यासाठी!"

सुरेशनं जरा विचार केला. "जमानत होते का?"

"दुनियेत कुठंच होत नाई!"

काठी खाली पडली.

पण गोष्ट तिथं संपली नाही. दुसऱ्या दिवशी, शुद्धीवर आल्यावर, सुरेश स्वतःहून पोलीस स्टेशनला गेला, आपल्यावर ते लागलंय का हे विचारायला! दुपारी मला जमादारांचा फोन. फार सज्जन माणूस. आवाज अगदी हळू करून म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? हे तेराशे पंचवीस कोणत्या कायद्यात येतं? सगळे नंबर नव्यानं बदलले ना, म्हणून म्हटलं, आपल्याकडून राहायला नको!"

मी सगळं खरं सांगितलं. मग जमादार म्हणाले, "हे त्याले सांगू का नको?"

"तुम्हीच ठरवा."

त्यांनी ठरवलं. लताची रीतसर तक्रार घेतली, सुरेशला समोर बसवलं, खरी कलमं वाचून दाखवली. सगळं ऐकून सुरेश म्हणाला, "हे ठीक हाये साहेब. पन ते मोठं वालं नका लावू!"

लता आता आमच्या बैठकांना येते. गल्लीत कुणाचा आवाज चढला की पोरंसुद्धा ओरडतात, "तेराशे पंचवीस!"

*

पुण्याहून सायली मॅडम आल्या ट्रेनिंग घ्यायला. वादात मध्यस्थी कशी करायची, यावर. सुलतानपूरच्या समाजमंदिरात वीस-पंचवीस बाया जमल्या. मॅडमना आमची बोली पहिल्यांदा ऐकायला मिळत होती. त्या वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून घ्यायच्या आणि चहाच्या वेळी मला विचारायच्या, "'काऊन' म्हणजे 'का' ना? मला वाटलं कुणाचं नाव आहे."

दुपारी रोल प्ले. मॅडमनी प्रसंग दिला: गावात नळाला पाणी कमी येतं, दोन बायांचं भांडण होतं. "कोण करणार?"

पंचफुला उठली. मंदा उठली. इतक्या पटकन उठल्या की आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती!

काय अॅक्टिंग होती! पंचफुलाचा पदर खोचलेला, मंदाचे हात कमरेवर. शब्दाला शब्द. मॅडम खूश. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "किती नॅचरल आहेत गं!" पाच मिनिटांनी त्यांनी टाळी वाजवली. "छान! थांबू या. रोल प्ले संपला."

पंचफुला वळली. "कायचा रोल प्ले? हिनं माहा हंडा फेकला होता मॅडम! पोचा पडला त्याले!"

"तू लाइन मोडली म्हनून फेकला!"

आता सगळ्या बाया उभ्या. निम्म्या इकडून, निम्म्या तिकडून. सर बाहेरून डोकावले आणि पुन्हा बाहेर गेले.

मला वाटलं, मॅडम आता घाबरणार. पण सायली मॅडमनी पायातल्या चपला काढल्या आणि दोघींच्या मध्ये सतरंजीवर मांडी घालून बसल्या. "बरं. खरंच भांडण आहे ना? मग उत्तमच. आता पंचफुलाताई, तुम्ही मंदाताई व्हा. मंदाताई, तुम्ही पंचफुलाताई. भांडा."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पंचफुलानं कमरेवर हात ठेवले, मंदासारखे. "मी नळावर आली का कोनाचं आयकतच नाई! माह्या घरी सासू खाटेवर पडेल हाये, तिले पानी पाजा लागते, हे मी कोनाले सांगत नाई. नुसती हंडे फेकते!"

उभ्या बाया एकेक करून खाली बसल्या.

मंदानं पदर खोचला. काढला, पुन्हा खोचला. शेवटी म्हणाली, "अन् मी पंचफुला. मी लाइन मोडते. कारन मले शेतात जाले उशीर झाला का मुकादम परत पाठवते." थांबली. "अन् माहा हंडा लय चांगला होता."

पहिल्यांदा पंचफुलाच हसली. मग सगळ्याच.

संध्याकाळी एसटीत बसताना सायली मॅडमनी माझा हात धरला. "ज्योती, हा एक्सरसाइज माझ्या प्लॅनमध्ये नव्हता हं. मी एवढी घाबरले होते, की दुसरं काही सुचेचना!"

*

सणांच्या आधी पोलीस स्टेशनला शांतता समितीची बैठक असते. नसीम आपाच्या तालुक्यात वर्षानुवर्षं तीच पुरुष मंडळी, त्याच खुर्च्या. बायांना बोलावणं असायचं ते पाहुण्यांना गुच्छ द्यायला. सरांनी खूप खेटे घातले, तेव्हा नवीन ठाणेदारांनी नसीम आपाला आणि मला रीतसर सदस्य केलं.

आपानं भाषण बसवलं. आठवडाभर तिची तयारी चालली होती. स्वयंपाक करताना भाषण, बसमध्ये भाषण. मला तर पाठच झालं होतं. "मोहतरम ठाणेदार साहेब, आदरणीय बुजुर्ग..."

बैठकीचा दिवस. दिवस असले तापलेले की भिंतीला हात लावला तर चटका. हॉल गच्च भरलेला. आणि मिरवणुकीत कुठलं मंडळ पुढे, यावरून दोन अध्यक्षांची जुंपली. एक म्हणे आमचा मान, दुसरा म्हणे आमचा नंबर. घामानं दोघांचे सदरे पाठीला चिकटलेले. तिसरा मध्ये पडला, त्यालाही घाम. आवाज चढत चालले. शेवटी ठाणेदारांनी टेबलावर हात आपटला. "थांबा! नसीम आपांनी हात वर केलाय. त्यांना बोलू द्या."

सगळे वळले. आपा उठली, डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"साहेब, पंखा लावा ना."

कुणाच्या तरी लक्षात आलं की कागद उडतात म्हणून पंखे मघाशीच बंद केले होते. बटणं दाबली. तीन पंखे घरघर करत सुरू झाले. पहिल्या वाऱ्याबरोबर अख्ख्या हॉलनं "हां..." केलं. एका अध्यक्षानं सदऱ्याचं वरचं बटण काढलं. दुसऱ्यानं त्याच्याकडे पाण्याची बाटली सरकवली. पाचच मिनिटांत ठरलं: यंदा तुम्ही पुढे, पुढच्या वर्षी आम्ही.

ठाणेदारांनी हसत हसत लिहायला सांगितलं, "महिला सदस्यांची पहिली सूचना, एकमतानं मंजूर."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आपा, अन् भाषण?"

"पुढच्या बारीले," आपा म्हणाली. "थंडीत!"

*

सुरक्षा फेरी म्हणजे गावातल्या बायांनी मिळून गावभर फिरायचं आणि जिथं जायला भीती वाटते तिथं लाल झेंडी रोवायची. मग ग्रामपंचायतीला दाखवायचं: इथं दिवा लावा, इथली झुडपं काढा. कल्पना चांगली, कागदावर सोपी.

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही झेंड्या रोवल्या. शाळेच्या मागच्या बोळात तर ओळीनंच रोवल्या. तो बोळ इतका अरुंद झाला होता की पोरींना एकामागून एक जावं लागायचं. दोन्ही बाजूंनी कुणाचं छप्पर पुढे आलेलं, कुणाच्या लाकडांचा ढीग, कुणाची मोडकी बैलगाडी. टारगट पोरं त्याच्याच आड उभी राहायची. एका पोरीनं त्यापायी शाळा सोडली होती.

वेळ झाली म्हणून आम्ही घरी गेलो. ग्रामपंचायतीला दुसऱ्या दिवशी सांगणार होतो.

सकाळी जाऊन बघतो तर बोळ मोकळा! छप्पर मागे. लाकडं गायब. बैलगाडी कुठं गेली कुणास ठाऊक. चार माणसं उरलेला पसारा उचलत होती. एवढ्या रुंद बोळातून पोरी तिघी-तिघी हातात हात घालून चाललेल्या.

कावेराबाईनं एकाला विचारलं, "काय हो भाऊ, काय चालू हाये?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, "मोजनीवाले येऊन गेले ना काल. झेंड्या लावून गेले. रस्ता मोजून राह्यले म्हने सरकारवाले. आपलं पुढं आलेलं आपनच मांगं घेतलेलं बरं!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कावेराबाईनं माझ्या पायावर पाय दिला.

"हाव भाऊ," ती म्हणाली. "लय कडक मोजनी हाये यावर्षी!"

*

एकदा आफ्रिकेतल्या एका देशातून पाहुणी आली, मार्था. तिच्या देशात खूप वर्षं यादवी चालली होती. तिनं भाऊ गमावला होता. तिथल्या बाया रस्त्याच्या कडेला पांढरे कपडे घालून बसल्या आणि पुढाऱ्यांना बोलणी करायला भाग पाडलं, त्यांतली ती एक. उंच, ठसठशीत, हसली की अख्खं अंग हलायचं.

कावेराबाईच्या अंगणात बैठक. सायली मॅडम दुभाष्या. मार्था बोलत होती, बाया ऐकत होत्या. भावाचं सांगताना ती थांबली, तेव्हा मॅडमही थांबल्या. पण कुणाला भाषांतराची गरज पडली नाही.

मग जेवण. ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. ठेचा तिखट म्हणून आम्ही बाजूला ठेवला होता, तर मार्थानं तो पुढे ओढला आणि भाकरीवर लोण्यासारखा लावला! बायांच्या डोळ्यांत तिचा भाव एकदम वाढला.

कावेराबाईनं तिला विचारलं, "बाई, मंग आता तुमच्याइकडे समदं मिटलं का?"

मॅडमनी विचारलं. मार्थानं बोट चाटलं, विचार केला, आणि काहीतरी लांबलचक बोलली. मॅडमना हसू आवरेना.

"ती म्हणते, हो. सैन्य परत गेलं. बंदुका जमा झाल्या. निवडणुका झाल्या. फक्त तिची थोरली सून अजून तिच्याशी बोलत नाही."

कावेराबाई उठली, आणि मार्थाच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

*

आता शेवटचा. हा मी सगळीकडे सांगत नाही.

नसीम आपा शिवणकाम करते, हे सांगायचं राहिलं. गावात स्टँडजवळ तिचं दुकान आहे. शाळेचे गणवेश तीच शिवते. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच हळू. "ज्योती, तू अन् कावेराबाई निघून या. आत्ता."

गावात विष्णूभाऊ म्हणून ट्रॅक्टर चालवणारे गृहस्थ. त्यांची मुलगी पूजा, एकोणीस वर्षांची, सकाळपासून घरात नव्हती. फोन बंद. आणि मोबाईल दुरुस्त करणारा इरफान, तोही सकाळपासून दुकानात नव्हता. तो अकोल्याला सामान आणायला गेला होता, नेहमीच जायचा. पण एक पोरगी दिसत नाही, एक पोरगा दिसत नाही. बाकीचं व्हॉट्सअॅपनं जुळवलं. 'विष्णूची पोरगी पयाली.' पयाली म्हणजे पळाली. आमच्याकडे 'ळ' टिकत नाही.

आम्ही ऑटोनं पोचलो तेव्हा स्टँडवर गर्दी. गावातली होती, शेजारच्या गावांतलीही होती, आणि काही चेहरे कुणाच्याच ओळखीचे नव्हते. विष्णूभाऊंना धरून पुढे उभं केलेलं. ते कुणाकडेच बघत नव्हते. रस्त्याच्या पलीकडे इरफानच्या दुकानाचं शटर खाली, आणि त्याच्यासमोर त्याचे चुलते, भाऊबंद, शेजारी. त्यांच्याही हातात काय काय होतं. मी ठाणेदारांना फोन लावला. "निघालोय, मॅडम. पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवा." कशानं धरून ठेवायचं?

कावेराबाई सरळ शटरसमोरच्या माणसांत गेली आणि पायरीवर बसली. "मले पानी द्या कोनी. लय उन्हातून आली." त्या चुलत्यांना क्षणभर कळेना, काय करावं. मग एकानं तांब्या आणला.

इकडे गर्दीच्या पुढे नसीम आपा. गळ्यात टेप तशीच लटकत होती. मशीनवरून उठून आली असणार.

"संतोष," तिनं पुढच्या पोराला नावानं हाक मारली. "पयलीपासून तुही प्यांट मी शिवली. गोपाल, तुह्या बहिनीचा ब्लाऊज तयार हाये, घेऊन जा. लय हात शिवशिवून राह्यले का रे तुमचे? तं दुकानात या. दोन मशीना रिकाम्या हायेत!"

मागून कुणीतरी हसलं. संतोषनं हातातला दगड पाठीमागे नेला. पण ओळख नसलेले ते चेहरे ओरडले, "ही त्यांच्यातलीच! ही सांगून राह्यली आपल्याले!" आणि गर्दी पुन्हा पुढे सरकली. आपा मागे सरकली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शौर्य वगैरे काही नाही. एकटीनं मागे थांबायची जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात गर्दीच्या मागून वाट काढत सुनीता आली. विष्णूभाऊंची बायको, पूजाची आई. आमच्या बैठकांना यायची. पण बैठकीत कधी एक शब्द बोललेली नाही. डोक्यावर पदर, नजर खाली. ती येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

"माही पोरगी पयून नाई गेली," ती म्हणाली. "पयाले गेली!"

कुणाला काही कळेना.

"बुलडान्याले. पोलीस भरतीत पयाले गेली. मी धाडली. तुमाले सांगतलं नाई, कारन तुमी नाई म्हनले असते. फोन तिथं गेटवर जमा करून घेतात. म्हनून बंद हाये. मले काय मारायचं ते मारा. पन त्या पोट्ट्याचं दुकान नका पेटवू. त्याचा काई संबंध नाई."

विष्णूभाऊ तिच्याकडे बघत राहिले. रस्त्याच्या पलीकडेही ऐकू गेलं होतं; तिकडचे हात खाली आले. पण मागून पुन्हा आवाज: "खोटं! पोरीले वाचवून राह्यली!"

"बुलडान्याची एसटी येऊनच राह्यली," नसीम आपा म्हणाली. "एवढी घाई काऊन? पाहू ना समदे."

मग सगळे थांबले. गर्दी इकडे, शटरवाले तिकडे, मध्ये आम्ही. ऊन तापलेलं. कावेराबाईनं तांब्यातलं उरलेलं पाणी सुनीताला नेऊन दिलं.

एसटी आली. दार उघडलं. एक म्हातारी उतरली, मग कोंबड्यांची टोपली घेऊन एक माणूस. मग पूजा. ट्रॅक पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली, एक बूट हातात, पायाला फोड आल्यामुळे लंगडत. छातीवर नंबरचा कागद तसाच टाचणीनं लावलेला. खाली उतरून तिनं गर्दी बघितली, मग बापाला बघितलं, आणि जागच्या जागी थिजली.

विष्णूभाऊ चालत तिच्यापर्यंत गेले. सुनीतानं डोळे मिटून घेतले. त्यांनी छातीवरचा नंबर वाचला, मग पायाकडे बघितलं.

"पयली आली का?"

पूजानं मान खाली घातली. "नाई, बाबा. चौथी."

विष्णूभाऊ गर्दीकडे वळले. आवाज चढवून म्हणाले,

"उभे काय राह्यले बे? पोरगी पयून आली हाये. पानी आना कोनी!"